गुरुवारची पट्टी

"लिव," ती म्हणाली. "गुरुवारी लाइट नसती. लिवलंस?"

"मावशी, आधी सगळं सांगा. मग लिहितो."

"सांगतेच हाय की." तिनं पदर खोचला. "गुरुवारी लाइट नसती, माग बंद. दुपारी साडेबाराच्या टायमाला ती ओढ्यावरची प्रोसेस कापड रंगवलेलं हौदातलं पाणी सोडती. पुलाच्या मागल्या अंगाला बाभळीखाली पाइप हाय, त्यातनं. शुक्रवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या पंपाला जांभळं पाणी. तपासणीवाले येत्यात सोमवारी. सोमवारपतुर सगळं निवळलेलं असतंय. बाटली भरून नेत्यात आणि चांगलं हाय म्हणून सांगत्यात. तवा त्यास्नी म्हणावं, गुरुवारी दुपारी या. एवढंच लिव."

एवढंच! माझ्या डाव्या हातात तिनं दिलेली पट्टी होती, उजव्या हातात चार नंबरचा ब्रश, आणि तिच्यामागं वीस-बावीस माणसांची रांग. पट्टी हातभर लांब आणि चार बोटं रुंद. त्यात माझ्या अक्षरानं चार-पाच शब्द बसायचे, फार तर सहा. मी मान हलवली आणि मनातल्या मनात कापायला लागलो.

सतरा वर्षं झाली याला. मी तेव्हा सत्तावीसचा होतो. आमचं गाव यंत्रमागांचं. अर्ध्या गावाच्या कानात खटखट भरलेली, त्यामुळं सगळे जरा मोठ्यानं बोलतात. मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागचे मजकूर, निवडणुकीच्या भिंती. त्याच सुमारास फ्लेक्सचे बोर्ड छापायची मशीन गावात आली होती आणि माझी गिऱ्हाइकं तिकडं वळली होती. दोन महिने मी दुकानात बसून नुसते ब्रश धूत होतो. धुतलेले ब्रश परत धूत होतो. एका जागी बसवत नव्हतं आणि उठून जायला कुठं काम नव्हतं.

अशात पुण्याहून केतकी घैसास मॅडम आल्या. कलाकार. नदीच्या घाटावर त्यांनी वीस फुटी लोखंडी चौकट उभी केली आणि वरपासून खालपर्यंत जाड दोऱ्या ताणून बसवल्या. एक मोठा उभा मागच. गावातल्या कुणीही यायचं, घरातल्या जुन्या कपड्याची पट्टी फाडून आणायची, नदी आणि पाणी वाचवायला काय करता येईल ते त्यावर लिहायचं आणि पट्टी स्वतःच्या हातानं त्या दोऱ्यांतून विणायची. शुक्रवार ते मंगळवार, पाच दिवस. मंगळवारी संध्याकाळी नगरपालिकेचे मुख्याधिकारी येणार, सगळ्या पट्ट्या त्यांच्यासमोर वाचल्या जाणार, आणि त्यातल्या तीन सूचना महिन्याभरात अमलात आणायच्या, असं त्यांनी लेखी दिलं होतं. पट्टीवर कुणी नाव घालायचं नाही, हा मॅडमचा नियम. नाव आलं की लोक खरं बोलत नाहीत, असं त्या म्हणायच्या.

लिहिता न येणाऱ्यांसाठी, आणि येत असूनही लाजणाऱ्यांसाठी, मला बसवलं होतं.

"जयपाल, तुमचं अक्षर बघून लोकच थांबतात बघा," मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या. मी फुगलो. का फुगू नये? दोन महिन्यांनी कुणी माझ्या अक्षराचं नाव काढलं होतं.

आता आमच्या धंद्यात मजकूर बसवणं हे अर्धं काम असतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर रामायण लिहून आणतं. पेंटर पाटीची लांबी बघतो, चिठ्ठी बघतो आणि काट मारत सुटतो. माझे उस्ताद सांगायचे, गिऱ्हाइकाचं निम्मं ऐकायचं आणि त्यातलं निम्मं लिहायचं. मी त्यांच्याकडं नऊ वर्षं तेच शिकलो होतो. घाटावरही मी तेच केलं. सकाळी एक फुलवाली आली होती. म्हणाली, देवळामागं मोकळी जागा आहे, तिथं खड्डा काढून द्या, रोजची शिळी फुलं मी स्वतः नेऊन टाकते. मी लिहिलं, 'निर्माल्य नदीत टाकू नका.' एक रिक्षावाला म्हणाला, स्टँडवरच्या नळाचा वॉशर गेलाय, चार महिने धार चालू आहे. मी लिहिलं, 'गळके नळ दुरुस्त करा.' काय सुबक बसलं होतं! रिक्षावालासुद्धा खूश होऊन गेला.

"नाव घालायचं न्हाई न्हवं?" मावशीनं विचारलं.

"नाही. कुणाचंच नाही."

"मग बरं."

तिची पट्टी हिरव्या साडीच्या काठाची होती, नेसून नेसून विटलेल्या. मी ती फळीवर टाचण्यांनी ताणली आणि एका दमात लिहिलं, 'ओढ्याचे पाणी वेळोवेळी तपासा.' शेवटच्या अक्षराला छान वळण दिलं.

ती वाकून बघत होती. "झालं एवढ्यात?"

"झालं."

"गुरुवारचं आलं?"

"सगळं आलं, मावशी. आता चौकटीवर नेऊन विणा. पुढचे, या."

ती चौकटीकडं गेली. इतर लोक पट्टी कशीतरी खुपसून मोकळे व्हायचे. हिनं एक दोरी वर, एक दोरी खाली, अशी शेवटपर्यंत नेली आणि दोन्ही मुठींनी ठोकून घट्ट बसवली. तीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या होत्या तिनं मागांवर, बोटांना सवय होती. तिचं नाव मालन. ओढ्याच्या गल्लीत राहायची. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी ती परत आली.

"वाचलं का सायबानं?"

"मंगळवारी वाचणार. संध्याकाळी पाचला."

"मंगळवार." ती बोटांवर मोजत राहिली. मग पिशवीतून तिनं थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली काढून माझ्या फळीवर ठेवली. आत पाणी होतं. उन्हात धरलं की जांभळट दिसायचं. "कालचं हाय. पंपाचं. ठिवतोस का? सायबाला दाखवायला?"

"माझ्याकडं कशाला? घेऊन जा, मावशी. इथं रंग सांडतात."

"नळाचं पाणी चार दिवसांनी येतंय आमच्यात. तवर ह्योच पंप. नात हाय मला चार वर्षांची. पावसाळ्यापासनं दोनदा सलाइन लावलंय तिला. अंगावर ह्ये एवढाले फोड." तिनं अंगठा आणि बोट जोडून दाखवलं. "सून म्हणती, उकळून देते. उकळून रंग जातोय व्हय?"

मी फळीवरच्या टाचण्या एका रांगेत लावत होतो. लावल्या, मोडल्या, परत लावल्या. ती बाटली घेऊन गेली तेव्हा कुठं मी मान वर केली.

रविवारी आली. सोमवारीही आली. दर वेळी आधी चौकटीपाशी जायची, आपली पट्टी शोधायची, ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची आणि मग माझ्याकडं यायची. वाचता येत नसलं तरी स्वतःची साडी कुणाला ओळखू येत नाही? सोमवारी म्हणाली, "आज आलते तपासणीवाले. नेली बाटली भरून. पाणी ह्ये असं." तिनं तळहात माझ्यासमोर धरला, म्हणजे स्वच्छ. आणि हसली. "पुढल्या गुरुवारी येतील आता. व्हय न्हवं?"

"येतील की."

मला चीड यायला लागली होती. तिचीच. एवढ्या लोकांनी पट्ट्या लिहिल्या, कुणी परत फिरकलं का? ही का रोज येऊन छातीवर बसते? सोमवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चौकटीपाशी गेलो. हिरवी पट्टी सोडवावी, नवीन लिहावी, कुणाला कळणार आहे, असं मनात आलं. पट्टीचं एक टोक सोडवलंसुद्धा. मग मॅडम चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ढिली झाली का? राहू द्या, मी बसवते." आणि त्यांनी ती बसवली. मी चहा पिऊन घरी गेलो. रात्री कूस बदलून बदलून अंथरुणाचा बोळा केला. बायको म्हणाली, ढेकूण चावतायत का. मी म्हटलं, हो.

मंगळवारी घाटावर तीनशे-साडेतीनशे माणसं जमली. खुर्च्या, माइक, समई, सगळा थाट. मालनमावशी ओढ्याच्या गल्लीतल्या आठ-दहा बायका घेऊन पायरीवर बसली होती. धुतलेल्या साड्या नेसून, डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. लग्नाला आल्यागत.

मॅडम चौकटीजवळ उभ्या राहून एकेक पट्टी हातात धरून वाचू लागल्या. 'पाणी जपून वापरा.' 'निर्माल्य नदीत टाकू नका.' 'झाडे लावा, नदी वाचवा.' 'गळके नळ दुरुस्त करा.' पहिल्या वीस पट्ट्यांना टाळ्या पडल्या. पन्नासाव्या पट्टीपर्यंत लोक जांभया देऊ लागले. मॅडमचा आवाजही खाली खाली जात होता. एक-दोनदा त्यांनी पट्टी उलटी करून मागं बघितलं, आणखी काही लिहिलंय का म्हणून.

मुख्याधिकारी तरुण होते, चष्मेवाले. वही-पेन घेऊन बसले होते बिचारे. शेवटी त्यांनीच माइक मागून घेतला.

"भावना चांगल्या आहेत," ते म्हणाले. "पण उद्या सकाळी मी माणूस कुठं पाठवू, ते यात कुणी सांगतच नाहीये. सगळ्या पट्ट्यांवर एकच जण बोलतोय असं वाटतं."

लोक हसले. मी नाही हसलो. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, रागानं नाही. कानांच्या पाळ्या तापल्या माझ्या.

त्यानंतर साहेबांनी वहीत लिहून घेतली ती वेड्यावाकड्या अक्षरातली एक पट्टी. कुणीतरी स्वतः मार्करनं खरडलेली. 'बसस्टँडच्या मागे पाण्याच्या टाकीचे झाकन नाही. कबुतर पडून मेले.' साहेब म्हणाले, "हे! असं पाहिजे."

आणि पुढची पट्टी हिरव्या काठाची होती. मॅडमनी ती हातात घेतल्याबरोबर पायरीवरची मालनमावशी उठून उभी राहिली. शेजारणीला तिनं कोपर मारलं. सगळ्या बायका पुढं सरकल्या.

"ओढ्याचे पाणी वेळोवेळी तपासा," मॅडमनी वाचलं.

मावशी थांबली. आणखी काहीतरी येणार म्हणून तशीच तोंडाकडं बघत थांबली. मॅडमनी पुढच्या पट्टीला हात घातला.

"बाई," मावशी मोठ्यानं म्हणाली, "ह्ये माझं नव्हं."

"म्हणजे? ही पट्टी तुमची नाही का मावशी?"

"साडी माझी हाय. बोलणं माझं नव्हं."

सगळे माना वळवून बघायला लागले. साहेबांनी पेन उचललं. "काय सांगितलं होतं तुम्ही? आता सांगा."

तिनं तोंड उघडलं. आणि तेवढ्यात मीच उठलो.

"मॅडम, मी लिहिलंय ते. मावशींनी हेच सांगितलं होतं. आठवत नसेल त्यांना आता."

हे वाक्य मी कुणाच्या सांगण्यावरून म्हटलं नाही. कुणी माझ्याकडं डोळे वटारले नव्हते. पण पहिल्या रांगेत, साहेबांपासून तिसऱ्या खुर्चीवर, ओढ्यावरच्या प्रोसेसचे शेठ बसले होते आणि त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीचं काम मला मिळालेलं होतं. अख्खी भिंत, रस्त्याकडची. झाडं, मोर, 'निसर्ग हाच देव' असा मजकूर. घाटावरचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच ठरलं होतं, गुरुवारी, त्यांच्या ऑफिसात बसून. चारेक महिन्यांचं काम. फ्लेक्सवाला भिंत रंगवू शकत नाही ना. मालनमावशी शुक्रवारी माझ्यापुढं येऊन 'ओढ्यावरची प्रोसेस' म्हणाली तेव्हा भिंतीचं कच्चं चित्र माझ्या खिशात होतं.

पट्टीत जागा नव्हती असं मी स्वतःला पाच दिवस सांगत होतो. 'वेळोवेळी' ही चार अक्षरं. 'गुरुवारी' ही पण चारच. उलट वेलांट्या-मात्रा कमी. पेंटरला हे मोजायला लागत नाही, दिसतंच.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मग तिची नजर पहिल्या रांगेवर गेली, तिसऱ्या खुर्चीवर. तिथं थोडी थांबली. उघडलेलं तोंड तिनं मिटलं.

"असंल बाबा," ती म्हणाली. "मला कुठं वाचाय येतंय."

लोक हसले. खुर्च्यांमधून कुणीतरी ओरडलं, "बसा मावशी, चहा गार हुतोय!" साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "वेळोवेळी तपासणी आपण करतोच हं, मावशी. दर सोमवारी." टाळ्याही पडल्या. ती खाली बसली. कार्यक्रम संपायच्या आत त्या सगळ्या बायका उठून गेल्या होत्या.

चौकट उतरवताना मॅडम माझ्याजवळ आल्या. दोऱ्या गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "जयपाल, किती पट्ट्या तुम्ही लिहिल्यात?"

"दोनशेच्या वर असतील."

"आणि लोक काय काय बोलले होते ते आता आठवतंय तुम्हाला?"

मी म्हटलं, थोडं थोडं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुण्याला गेल्या, सगळ्या पट्ट्या गाठोड्यात बांधून. परत कधी भेट झाली नाही.

बुधवारी मी शेठच्या भिंतीला पहिला हात मारायला जाणार होतो. गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला आणि दिवसभर गावात सायकल फिरवत बसलो. मारुतीच्या देवळापासून नाक्यापर्यंत, नाक्यापासून देवळापर्यंत. पानपट्टीवाला म्हणाला, "काय हरवलंय काय रं?"

गुरुवारी लाइट गेली. गावातली खटखट एकदम थांबली की कान दुखतात आमचे. साडेअकराला मी पुलावर होतो. सायकल टेकवून खाली उतरलो, मागच्या अंगाला. बाभळीखाली दगडावर मालनमावशी बसलेली होती. गुडघ्यांवर हात, शेजारी रिकामी बाटली.

माझे पाय तिथंच थबकले. वाटलं, आता ही शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला, खरंच सांगतो.

"बस," ती म्हणाली. "टाइम हाय अजून."

मी बसलो. मी खडे उचलून पाण्यात टाकत होतो. ओढ्याला घोटाभर पाणी होतं, तळातली वाळू दिसत होती. शेवटी मलाच राहवेना.

"मावशी, मंगळवारी तुम्ही बोलला का नाही? साहेब विचारत होते की. मी खोटं बोललो, तरी तुम्ही बोलायचं होतं."

"म्होरं शेठ बसला हुता."

"म्हणून?"

"माझी सून त्याच्यातच कामाला हाय. घडी घालाय. तिच्या पगारावर घर हाय रं. तिनंच तर सांगितलं मला, गुरुवारी सोडत्यात म्हणून." ती ओढ्याकडं बघूनच बोलत होती. "तोंडानं बोलाय आलं असतं तर तुझ्याकडं कशाला आले असते? पट्टीवर नाव नसतं, म्हणून आलते."

मी खडे टाकायचा थांबलो. पाच दिवस मला ती चिकट म्हातारी वाटत होती. तिला बोलायला गावात एकच जागा होती, हातभर लांब आणि चार बोटं रुंद. त्या जागेवर मी मला पाहिजे ते लिहून ठेवलं होतं.

साडेबाराला पाइपातून आधी गुळण्या केल्यासारखा आवाज आला. मग फेस आला. मग पाणी. जांभळं, कडेला लालसर, वाफाळतं. वास असा की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बघता बघता वाळू दिसेनाशी झाली. मावशी उठली, चपला काढल्या, पाइपाच्या तोंडाशी वाकून बाटली भरली आणि झाकण घट्ट लावलं. तिच्या बोटांना रंग लागला. तिनं ती साडीला पुसली.

"उद्या सकाळी पंपावर ये," ती म्हणाली. "ब्रश घिऊन. मोठा."

पुढं काय काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मन तिकडं राहायला नको. तपासणीवाले एका गुरुवारी आले, पण त्याला पावणेदोन वर्षं लागली. पाइप बंद झाला. तोपर्यंत गल्लीतल्या बायका शुक्रवारचं पाणी पार हौसिंग कॉलनीतून आणायच्या, डोक्यावर. शेठची भिंत दुसऱ्याच कुणीतरी रंगवली, मोर फार वाईट काढले. मला पुढं गावातल्या एकाही प्रोसेसनं काम दिलं नाही. मी सांगलीला जाऊन टेम्पो रंगवायला लागलो. हे सगळं नंतरचं.

त्या शुक्रवारी सकाळी सातला मी ओढ्याच्या गल्लीत गेलो. पंपामागं शाळेची जुनी भिंत होती, तिला मावशीनं आदल्या संध्याकाळीच चुना मारून ठेवला होता. बायका घागरी घेऊन बाजूला उभ्या होत्या. पंपाच्या तोंडाखाली बादली होती आणि बादलीत जांभळं पाणी. मावशीशेजारी अंगणवाडीच्या मुजावरबाई उभ्या होत्या, चष्मा लावून.

"बाई वाचून दाखवतील मला," मावशी म्हणाली. "एकेक ओळ झाली की."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी सुतळीला खडू फासला, दोरी ताणून टिचकी मारली, भिंतीवर सरळ रेघा पाडल्या आणि काळा ऑइल पेंट उघडला.

"सांगा."

"ह्यो पंप शुक्रवारी वापरू नका," ती म्हणाली.

मी लिहिलं. बाईंनी वाचलं. मावशीनं मान हलवली.

"दर गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता प्रोसेसवाले पुलाच्या मागं बाभळीखालच्या पाइपातनं रंगाचं पाणी सोडत्यात."

एवढी लांब ओळ भिंतीत बसणार नव्हती. बोटं सवयीनं वळवळली. 'पुलाच्या मागं' काढलं की बसतंय, बाभळ काढली की आणखी मोकळं होतंय. मी तीन ओळी केल्या. अक्षर बारीक केलं. शेवटची ओळ भिंतीच्या कडेपर्यंत गेली आणि पुसून परत लिहावी लागली. वेड्यासारखी दिसत होती ती पाटी. उस्तादांनी बघितली असती तर ब्रश काढून घेतला असता. बाईंनी तिन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. मावशीनं मध्येच अडवलं, "बाभळ आली?" बाई म्हणाल्या, आली.

"तपासाय यायचं असंल तर सोमवारी येऊ नका. गुरुवारी या."

तेही लिहिलं. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता. गल्लीच्या तोंडाशी सायकली थांबायला लागल्या होत्या. कुणीतरी एकटा प्रोसेसच्या दिशेनं घाईनं निघून गेला. मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि डबा बंद करायला लागलो.

"थांब की," मावशी म्हणाली. "खाली तुमी लोक नाव घालता न्हवं? कोपऱ्यात?"

घालतो. पाटी झाली की उजव्या हाताला खाली पेंटर आपलं नाव घालतो, पुढचं गिऱ्हाईक यावं म्हणून. मी 'जय आर्ट' असं लिहायचो, छोटंसं, तिरकं.

"मावशी, इथं कशाला?"

"कुणी इचाराय आलं तर कुणाला इचारायचं? माझं घालता येत न्हाई, सून हाय कामाला. ह्यांची घरं हायत." तिनं मागच्या बायकांकडं हात केला. आवाजात राग नव्हता, विनंती तर नव्हतीच. "तू मला सांगितलंस, सगळं आलं म्हणून."

मी डबा परत उघडला. ब्रश पुसला. कोपऱ्यात 'जय' लिहिलं आणि थांबलो. मग 'पाल' लिहिलं. मग वडिलांचं नाव, आदगोंडा. मग मगदूम. त्याच्याखाली, कुणी न सांगता, गल्लीचं नाव आणि घर नंबर.

मावशी पुढं आली. ओल्या रंगाजवळ बोट नेलं, पण लावलं नाही.

"काय लिवलंय त्यानं, बाई?"

"नाव लिहिलंय स्वतःचं. आणि पत्ता."

"पुरं लिवलंय?"

मुजावरबाईंनी चष्मा वर केला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू वाचलं आणि मग म्हणाल्या, "पुरं लिहिलंय."

मावशीनं खाली वाकून पंपाखालची बादली ओढ्याच्या बाजूला ओतून दिली आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "चला, लांब जायचं हाय."